फिरत्या घराची डागडुजी : आधी चाक, मग चैन

कॅराव्हॅन घ्यायची म्हटलं की पुण्यात चर्चा सुरू होते ती एसीपासून. मग टीव्ही, मग बाजूला उघडणारा मंडप, मग छतावरची सोलर पॅनेलं. चाकांचा विषय निघतो तो बहुधा पहिल्या घाटात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर फिरती घरं तुरळक का होईना, दिसू लागली आहेत. कुणी टेम्पो ट्रॅव्हलरमधली आसनं काढून पलंग बसवून घेतो, कुणी जीपमागे दोन माणसं झोपतील एवढा ट्रेलर ओढत पवनाकाठी जातो, कुणी भंडारदऱ्याला, कुणी थेट तारकर्लीला. घेतानाचा उत्साह उदंड असतो. पण घेतलेलं घर आठ-दहा वर्षं धड कसं ठेवायचं आणि त्यात सुधारणा कोणत्या क्रमानं करायच्या, यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही.

या लेखात त्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे : कायदा काय म्हणतो, बाजारात काय मिळतं, काय बिघडतं, आणि पैसा कुठे आधी घालावा. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फिरत्या घरावरचा खर्च खालून वर जायला हवा : चाक, छप्पर, तार, पाणी, आणि उरलं तर चैन. आपल्याकडे तो नेमका उलटा होतो.

थोडी पार्श्वभूमी

हौसेखातर बांधलेल्या फिरत्या घरांचा इतिहास सांगताना बहुतेक जण १८८५ सालापासून सुरुवात करतात. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून घोड्यांनी ओढायचं ‘वाँडरर’ नावाचं लाकडी घर बांधून घेतलं. १९०७ मध्ये तिथे कॅराव्हॅनवाल्यांचा क्लबही निघाला. म्हणजे तिकडे सव्वाशे वर्षांची सवय आहे. सुटे भाग, तळ, मिस्त्री, विमा, सगळं त्या सवयीबरोबर वाढत गेलं.

आपल्याकडे फिरत्या घराशी सर्वांत जवळची ओळख आहे ती चित्रपटवाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनची. पर्यटनासाठीचा विचार अलीकडचा. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनं ‘केरवॅन केरळ’ ही योजना जाहीर केली. २०२२ मध्ये महिंद्रानं आयआयटी मद्रासच्या आधारानं उभ्या राहिलेल्या एका कॅम्पर कंपनीशी बोलेरो कॅम्परवरच्या कॅराव्हॅनसाठी करार केला. पिकअपच्या पाठीवर घर ही कल्पना त्यामुळे मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या बोलण्यात तरी आली.

महाराष्ट्राच्या धोरणाचा भर आहे कॅराव्हॅन पार्कवर आणि भाड्यानं गाड्या देणाऱ्या व्यावसायिकांवर : पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेले तळ उभे राहावेत, व्यावसायिकांची नोंदणी व्हावी, त्यांना सवलती मिळाव्यात. हे योग्यच आहे. पण स्वतःच्या पैशानं ट्रेलर घेणाऱ्या माणसाला रोज भेडसावणारा प्रश्न दुरुस्तीचा असतो, आणि तो त्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

कायदा कुठवर जाऊ देतो

इथे दोन प्रकार वेगळे ठेवले पाहिजेत. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असेल तर ती मोटर कॅराव्हॅन. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. ते प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. आसनं आणि टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा, एवढं असेल तरच ती कॅराव्हॅन. गाडीमागे ओढायचा तो ट्रेलर. त्याचे वर्ग एकूण वजनावर ठरतात : ७५० किलोपर्यंत टी-१, तिथून साडेतीन टनांपर्यंत टी-२. आपले कॅम्पिंगचे ट्रेलर या दोन वर्गांतच बसतात. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. ‘गाडीच्या नंबरवर चालतं’ हे गॅरेजमधलं वाक्य नाक्यावर चालत नाही.

दुसरी गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची. नोंदणीच्या वेळच्या मूळ घडणीत बदल करायला हे कलम आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. व्यवहारात याचा अर्थ असा लावावा : आतले दिवे, पंखा, गादी, बॅटरी बदलणं ही देखभाल. एक्सल बदलणं, छत कापून उंचवणं, सांगाडा लांबवणं, वजनाचा वर्ग ओलांडणं ही फेरघडण, आणि ती करण्याआधी आरटीओची पायरी चढलीच पाहिजे. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते.

पेठेतला बाजार

अखेरची वर्षं छावणीत घालवणाऱ्या औरंगजेबानं १७०३ मध्ये वसवलेली मुहियाबाद म्हणजे आजची बुधवार पेठ. फिरत्या घराला लागणाऱ्या निम्म्या वस्तू आज याच पेठेत मिळतात. तापकीर गल्लीत विजेचं सामान : वायर, एमसीबी, दिवे, पंखे, इन्व्हर्टर. पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग : कनेक्टर, फ्यूज होल्डर, मीटर, रिले, हीट-श्रिंक स्लीव्ह. तिथून चालत रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलं की नट-बोल्ट, बिजागऱ्या, सीलंट, रंग. नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग आणि रबरी बीडिंग. भवानी पेठेत टिंबर मार्केट. ट्रेलर घेऊन पेठेत शिरायचं धाडस कुणी करू नये. मेट्रोनं कसबा पेठ किंवा मंडई स्टेशनला उतरावं आणि पिशवी घेऊन हिंडावं.

या बाजाराची ताकद आणि मर्यादा एकाच गोष्टीत आहे. इथे प्रत्येक तुकडा मिळतो, पण तुकडे जोडून काय होणार आहे याची जबाबदारी कुठल्याच काउंटरवर नाही. दुकानदाराचा रोजचा गिऱ्हाईक घराची लाइन भरणारा इलेक्ट्रिशियन. त्यामुळे संवाद साधारण असा होतो.

“काका, चारची वायर द्या. मल्टिस्ट्रँड, तांब्याची.”

“कशाला हवीय? एसीला का?”

“नाही, पंखा आणि फ्रिज. बॅटरीवरची लाइन आहे.”

“अहो, मग दीडची भरपूर झाली. उगाच पैसे घालताय.”

काका फसवत नाहीत. २३० व्होल्टच्या घरात त्यांचं बरोबरच आहे. बारा व्होल्टच्या घरात ते चुकतं, आणि ते का चुकतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावं लागतं. म्हणून पेठेत जाताना खिशात एक कागद हवाच : बॅटरीपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वायर कुठून जाते, किती मीटर, किती अँपिअर, कुठे फ्यूज. हा नकाशा नसेल तर खरेदी म्हणजे अंदाजपंचे.

चाक, एक्सल आणि टोचन

महाराष्ट्राला ट्रेलर ओढण्याची सवय नाही असं म्हणणं खरं नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या घेऊन हजारो चालक रस्त्यावर असतात. कमान पाटे, हब, ग्रीस, टोचन हे शब्द सांगलीच्या किंवा बारामतीच्या मिस्त्रीला शिकवावे लागत नाहीत. फरक वेगाचा आहे. ट्रॉली रमतगमत जाते, तुमचा ट्रेलर महामार्गावर सत्तर-ऐंशीनं. त्या वेगाला बेअरिंगमधली थोडीशी ढिलाईही महागात पडते.

बेअरिंगची तपासणी सोपी आहे. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवावं. खडखड वाटली तर ढिलं. हातानं फिरवावं, घरघर आली तर खराब. प्रवासात चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर थांबून हबपाशी पालथा हात न्यावा. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा चांगलाच तापला असेल तर ग्रीस आटलंय किंवा ब्रेक चिकटतोय. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरणं आणि ऑइल सील बदलणं हा नियमच करावा. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून किंवा समुद्राच्या वाळूतून ट्रेलर गेला असेल तर वर्षाचीही वाट पाहू नये. चाक काढून बसवलं असेल तर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.

टायरची नक्षी पाहून फसू नका. ट्रेलर वर्षाचे बरेच महिने उभा असतो. त्यामुळे टायर झिजून जायच्या आधी उन्हानं कडक होऊन जातो. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं उत्पादन. पाच-सहा वर्षं झाली आणि बाजूला बारीक चिरा दिसू लागल्या की नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदलावा. आणखी एक अडचण आहे. ट्रेलरचं चाक पंक्चर झालं तर पुढे बसलेल्या चालकाला ते जाणवत नाही. रबराच्या चिंध्या होईपर्यंत गाडी ओढत राहते. म्हणून वॉल्व्हवर बसवायचे हवेचा दाब सांगणारे सेन्सर ही माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत किफायतशीर सुधारणा आहे. एसीच्या किमतीचा छोटासा हिस्सा त्यावर गेला तर ट्रेलर वाचतो.

हूकवर किती वजन यावं हा वादाचा विषय आहे. युरोपात ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के चालतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. आठशे किलोच्या ट्रेलरला म्हणजे चाळीस-पन्नास किलोपासून शंभर-सव्वाशे किलोपर्यंत. आपण आधी गाडीच्या आणि हूकच्या निर्मात्यानं दिलेली मर्यादा पाहावी. ओढायच्या वजनाचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत नसेल, तर त्याचा अर्थ ‘कितीही ओढा’ असा होत नाही. घरातल्या वजनकाट्यावर फळी ठेवून हूकवरचं वजन मोजता येतं. हे वजन फार कमी झालं, म्हणजे सामान मागच्या बाजूला भरलं, की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे शेपूट हलवू लागतो. उपाय साधा : जड सामान खाली आणि एक्सलवर, हलकं वर.

घाट उतरताना ओढणारी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणं एवढं एक पथ्य पाळलं तरी ब्रेक वाचतात. वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद ठेवण्याची वेळ अनेकदा येते. निघण्याआधी रस्ता विचारून घ्यावा. अरुंद घाटात ट्रेलरसकट मागे वळणं म्हणजे काय, ते एकदा अनुभवलेला माणूस दुसऱ्यांदा विचारूनच निघतो.

मागचे दिवे हाही चाकांइतकाच जिवाचा विषय. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा सगळेच दिवे मंद होतात, अशी तक्रार असेल तर दिवे बदलत बसू नका. बहुतेक वेळा दोष अर्थिंगच्या वायरीत असतो. सांगाड्याला जिथे ती वायर बोल्टनं जोडली आहे तिथला रंग आणि गंज खरवडून, नवं थिंबल लावून, वरून ग्रीसचा हात फिरवावा. आणि मागे रिफ्लेक्टर पट्ट्या लावाव्यात. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून होणारे अपघात दर हंगामात आपण वाचतो. आपला ट्रेलरही अंधारात त्या ट्रॉलीपेक्षा फारसा वेगळा दिसत नाही.

छप्पर आणि सह्याद्रीचा पाऊस

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्यात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. परदेशी ट्रेलर किंवा परदेशी व्हिडिओ पाहून बांधलेला ट्रेलर या आकड्यासाठी बांधलेला नसतो. फिरत्या घराच्या मरणाचं पहिलं कारण अपघात नसून झिरपणारं पाणी असतं. ते छतावरच्या व्हेंटपाशी, खिडकीच्या चौकटीत, पत्रा जिथे दुमडतो त्या कोपऱ्यात शिरतं आणि आतल्या प्लायमध्ये महिनोन्‌महिने मुरतं. डाग दिसतो तो मात्र भलतीकडेच.

यासाठी वर्षातून दोन तपासण्या पुरतात : मे महिन्यात एक, ऑक्टोबरात एक. आत एकानं टॉर्च घेऊन बसावं आणि बाहेरून दुसऱ्यानं नळीनं पाणी सोडावं. खालून वर, एकेका सांध्यावर दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतात आणि गळती कुठली ते कळत नाही. फरशीवर खिडकीखाली अंगठ्यानं दाबून पाहावं. मऊ लागली तर प्लाय गेलं.

सांधे भरताना बहुतेक जण सिलिकॉनची ट्यूब पिळून मोकळे होतात. ते तात्पुरतं दिसतं छान, पण एकदा सिलिकॉन लागलं की नंतर त्यावर दुसरं काही चिकटत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत कडा सुटतात. चौकटीखाली ब्युटिल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट ही जोडी टिकते. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवं भरू नये. प्लाय बदलायची वेळ आली तर आयएस ७१० छाप असलेलं मरीन प्लायच घ्यावं. आयएस ३०३ चं साधं प्लाय फर्निचरला ठीक, पण कोकणातला एक पावसाळाही त्याची परीक्षा घेतो. समुद्रकाठी जाणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात स्टीलचे स्क्रू कुठे आहेत ते पाहावं. खाऱ्या दमटपणात दोन धातूंच्या संगतीनं अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. परतल्यावर खालचा सांगाडा गोड्या पाण्यानं धुणं हा दहा मिनिटांचा उपाय आहे.

तार : बारा व्होल्टचा हिशेब

आता काकांच्या दीडच्या वायरीकडे वळू. समजा बॅटरीपासून फ्रिजपर्यंत पाच मीटर अंतर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे वायर दहा मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून दहा अँपिअर ओढले तर साधारण सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. २३० व्होल्टमध्ये सव्वा व्होल्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही. बारा व्होल्टमध्ये तो दहा टक्के आहे. बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ‘व्होल्टेज कमी’ म्हणून बंद पडतो आणि मालक फ्रिजवाल्याशी भांडतो. तेच काम चारच्या वायरीनं केलं तर घट अर्ध्या व्होल्टवर येते. नवा फ्रिज घेण्याआधी जुन्या वायरी मोजाव्यात, ही या विषयातली सर्वांत उपयोगी सूचना.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतरात. तो वायरीचं रक्षण करतो, उपकरणाचं नाही. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या ताकदीवर ठरवावा. घरातला एसी एमसीबी बॅटरीच्या लाइनवर लावू नये. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, त्यासाठी डीसीचा एमसीबीच लागतो. जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणं हा तर आपला राष्ट्रीय छंद. स्थिर घरात तो एकवेळ निभावतो. रस्त्याच्या हादऱ्यांत असा जोड सुटतो. थिंबल क्रिंप करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवावी. पासोड्या विठोबाजवळ क्रिंपिंगची पक्कडही मिळते आणि एक बरा मल्टिमीटरही. हे दोन घेतल्याशिवाय बाकीचं काही घेऊ नये.

बॅटरी किती मोठी हवी? वीजबिलातल्या युनिटच्या भाषेत बोलू. पाच एलईडी दिवे चार तास, बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे रात्रभर, फोन, पाण्याचा पंप, आणि कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज मिळून दिवसाला साधारण एक युनिट लागतं. त्यातलं निम्मं एकट्या फ्रिजचं. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट देते, पण तिचं आयुष्य राखायचं तर निम्मंच वापरावं. शिवाय तिचं वजन पन्नास किलोंच्या वर, आणि आम्लाचे वास बंद खोलीत. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी १.२८ युनिट देते, त्यातलं बहुतांश वापरता येतं, आणि वजन दहा-बारा किलो. किंमत जास्त आहे, पण ट्रेलरमध्ये वजनालाही किंमत असते. पैसा घालण्याजोगी ही सुधारणा आहे, चार्जर मात्र लिथियमला चालणारा हवा.

छतावर २०० वॉटचं पॅनेल पुण्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास देतं; फ्रिज असेल तर ३०० वॉट धरावं. जुलैत मुळशी-ताम्हिणीकडे जाणाऱ्यांनी पॅनेलच्या भरवशावर राहू नये. तिथे चालत्या गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्जिंग हवं, आणि नव्या बीएस-६ गाड्यांतले बरेच अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करत असल्यानं मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवणं भाग पडतं.

तळावर किंवा कृषी पर्यटन केंद्रात २३० व्होल्टची जोडणी घेताना एक धोका नीट समजून घ्यावा. ट्रेलर धातूचा, खाली रबरी टायर. आत कुठे वायर सोलली गेली आणि सॉकेटला अर्थिंग नसेल, तर अख्खा पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या गवतावर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस त्या विजेची वाट होतो. एमसीबी इथे जीव वाचवत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वाचवतो. तो ट्रेलरच्या आत कायमचा बसवावा, महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबावं, आणि सॉकेटचं अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टर बरोबर ठेवावा. अर्थिंग नसेल तर त्या रात्री बॅटरीवर भागवावं.

पाणी, मैला आणि गॅस

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी एक्सलवर असावी आणि लांबच्या प्रवासात जवळपास रिकामी. पाणी मुक्कामाच्या गावात भरता येतं. पंपासाठी लोक महागडी आयात करतात. शेतकऱ्याच्या पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात बारा व्होल्टचाच डायफ्रॅम पंप असतो. दाब जास्त, धार कमी. बेसिनपुरता तो चालतो, पण औषध फवारलेला जुना पंप चुकूनही पिण्याच्या पाण्यावर लावू नये. टाकी बराच काळ बंद राहिली असेल तर शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं शंभर मिलिलिटर हायपोक्लोराइट घालून, नळातून वास येईपर्यंत पाणी सोडून, काही तास ठेवावं. मग पूर्ण ओतून दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवावं.

शौचालयासाठी काढून नेता येणारी कॅसेट टाकी हा छोट्या ट्रेलरला परवडणारा पर्याय आहे. प्रश्न ती कुठे रिकामी करायची हा. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, पानशेत-वरसगाव-खडकवासल्याचं पुणे पितं. त्या जलाशयांच्या काठावर टाकी उपडी करणारा माणूस दोन दिवसांनी तेच पाणी घरच्या नळातून भरणार आहे. जिथे सांडपाण्याची सोय नाही तिथे कॅसेट बंद ठेवून घरी आणावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गॅस शक्यतो घराबाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं गळला तर फरशीवर साचतो. वरची खिडकी उघडी आहे हा दिलासा खोटा ठरतो. पाच किलोची छोटी टाकी घ्यावी, ती वेगळ्या बंदिस्त कप्प्यात उभी बांधावी, कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवावं, सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदलावी, आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. अग्निशामक दारापाशी हवा, गॅसपाशी नव्हे. आग लागली की माणूस दाराकडेच धावतो.

चैनीचं पारडं

आता एसी. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर चालवायचा तर पाच-सहा युनिटं धरा. म्हणजे वर सांगितलेल्या चार-पाच लिथियम बॅटऱ्या आणि त्या भरण्याजोगी पॅनेलं, जी छोट्या छतावर मावतच नाहीत. वीज मिळणाऱ्या तळावरच मुक्काम करणार असाल तर एसी ठीक. जंगलात उतरायचं असेल तर तो केवळ वजन आहे. सह्याद्रीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी दोन पंखे, बारीक जाळीच्या खिडक्या आणि छताला एक चांगला एक्झॉस्ट एवढ्यात झोप लागते. भिंतीतला इन्सुलेशनचा थर एसीपेक्षा जास्त काम करतो, कारण तो उन्हातही चालतो आणि थंडीतही.

बाहेरचा मंडप मात्र घ्यावा. आपल्या सहली खोलीत बसायच्या नसतातच. गप्पा, चहा आणि पत्ते बाहेरच होतात. शिडी, बाहेरचा दिवा, पाय धुवायला बाहेर एक नळ, या लहान गोष्टी एसीहून अधिक वापरल्या जातात.

उभं ठेवण्याचा प्रश्न

वर्षाचे नऊ-दहा महिने फिरतं घर उभंच असतं, आणि पेठेतल्या वाड्यात किंवा नव्या सोसायटीत ते ठेवायला जागा नाही. बहुतेकांना शहराबाहेर एखाद्या ओळखीच्या शेतात ठेवावं लागतं. तिथे नेऊन त्यावर निळी ताडपत्री घट्ट बांधणं ही सर्वांत सर्रास चूक. ताडपत्री दमट हवा कोंडून ठेवते आणि वाऱ्यानं घासून रंग खरवडते. त्यापेक्षा वर वेगळी शेड करावी आणि छतावरची हवा खेळती ठेवावी. चाकांवरचं वजन जॅकस्टँडवर घ्यावं, टायरवर ऊन पडू देऊ नये, गाद्या उभ्या करून ठेवाव्यात, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. उंदीर वायरीच्या वाटेनं शिरतात. सांगाड्यातली भोकं स्टीलच्या किसानं बुजवावीत. जॅकस्टँड नसतील तर महिन्यातून एकदा चाकं थोडी फिरवावीत, म्हणजे टायरचा एकच भाग चपटा होत नाही.

निवाडा

या सगळ्यातून निघणारा क्रम पुन्हा सांगतो. पहिल्या वर्षी टायर, बेअरिंग, मागचे दिवे आणि दाबाचे सेन्सर. दुसरं काम छप्पर आणि सांधे. तिसरं वायरिंग नव्यानं, नकाशासकट, आरसीसीबीसह. मग लिथियम बॅटरी आणि पॅनेल, मग पाण्याची टाकी आणि कॅसेट, मग मंडप. एसी अगदी शेवटी, आणि तोही तळावर वीज असेल तर. जुना ट्रेलर विकत घेणाऱ्यानं हीच यादी तपासणीची यादी म्हणून वापरावी. आतली गादी आणि टीव्ही पाहून किंमत ठरवू नये.

सरकारकडून एक अपेक्षा आहे. कॅराव्हॅन पार्क होतील तेव्हा होतील. तोवर धरणांच्या आणि किनाऱ्यांच्या वाटेवर, किमान एमटीडीसीच्या निवासांपाशी, बाहेरच्या ट्रेलरलाही मैला रिकामा करायची आणि खात्रीच्या अर्थिंगची एक-एक जागा करून द्यावी. त्याला फारशी जमीन लागत नाही. आणि वाचकांना सांगणं एवढंच : पुढच्या सहलीचा बेत आखण्याआधी एक शनिवार मोकळा ठेवा, चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवून पाहा. घरघर आली तर बेत पुढे ढकला.